बायबलमधल्या स्तोत्र 131 मध्ये दावीद राजा 'माझे मन गर्विष्ठ नाही' म्हणतो, हाच गर्व नाही का?

तुमची शंका रास्त आहे. स्वतःच्या तोंडाने 'मी गर्विष्ठ नाही' म्हणणाऱ्या माणसावर आपण एरवी विश्वास ठेवत नाही. मलाही हे वाक्य बरीच वर्षे खुपायचे.

मग एकदा 10वे, 30वे आणि 16वे स्तोत्र शेजारी शेजारी ठेवून वाचले. तिन्हींत 'मी ढळणार नाही' हे बोल आहेत, मूळ हिब्रूतही शब्द तेच. 10व्यात दुष्ट माणूस ते मनातल्या मनात म्हणतो. 30व्यात खुद्द स्तोत्रकर्ता, सगळे सुरळीत चाललेले असताना. आणि देवाने मुख लपवताच आपण घाबरून गेलो, हेही तो कबूल करतो. 16व्यात मात्र परमेश्वराला नित्य समोर ठेवून, तो उजव्या हाताला आहे म्हणून. बोल तेच; बोलणारा कोणाकडे बघतोय त्यावरून तो माज की भरवसा हे ठरते. आता 131वे बघा. सुरुवातच 'हे परमेश्वरा' अशी. ज्याला आतले सगळे ठाऊक, त्याच्यापुढे फुशारकी मारणार तरी कशी?

पुढची ओळ मला फार जवळची. आईजवळच्या दूध तोडलेल्या बाळासारखा मी माझा जीव शांत केला आहे, असे तो म्हणतो. माझ्या मुलीने तिच्या लेकाचे दूध तोडले तेव्हा ती आमच्याकडेच होती. कडुनिंबाचा पाला वाटून लावलेला. पोराने तोंड लावले, थू केले, पुन्हा पदर ओढला. रात्रभर रडून घर डोक्यावर घेतले. पंधरा दिवसांनी तोच तिच्या मांडीवर टेकून, काही न मागता, तिच्या बांगड्यांशी खेळत बसला होता. दाविदाच्या 'शांत केला' या शब्दांत मला तशा रात्री ऐकू येतात. हट्ट करून थकलेल्या आणि तरी आईला न सोडलेल्या जिवाचे हे बोलणे आहे.

आणि त्याच्या आधीचे 130वे सोडू नका. यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू म्हणत असे मानतात ती 15 आरोहणस्तोत्रे, त्यांतलीच ही दोन. 130व्यात आधी विचारलेय, परमेश्वरा, तू अपराध मोजत बसलास तर तुझ्यापुढे कोण टिकेल? दोन्ही सलग, मोठ्याने वाचून पाहा. दोन्हींत शेवटाकडे एकच हाक येते: हे इस्राएला, परमेश्वराची आशा धर.