‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलं म्हणून भाड्याचे पैसे बुडत नाहीत

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घरातली सात माणसं खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. तिथलं हॉटेल परवडेना म्हणून एका बुकिंग ॲपवरून दोन रात्रींसाठी बंगला घेतला. भाडं १६,००० रुपये. जाहिरातीत ‘इमॅजिकापासून १० मिनिटं’ आणि ‘तळमजल्यावर बेडरूम, कमोड’ असं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून केअरटेकरला व्हॉट्सॲपवर मुद्दाम विचारलं. त्याने ‘हो मॅडम, खाली रूम आहे’ असं कळवलं. निम्मे पैसे ॲपवर भरले. उरलेले ८,००० आणि डिपॉझिटचे ३,००० ‘जीएसटी वाचेल’ म्हणत त्याने स्वतःच्या यूपीआयवर घेतले. बंगला निघाला घाट चढून खंडाळ्याच्या बाजूला, आणि खोल्या सगळ्या वर. एक रात्र कशीबशी काढून दुसऱ्या रात्री खोपोलीत ३,६०० रुपये देऊन लॉजवर राहिलो. गाडीवाल्याने जादा किलोमीटरचे १,८०० घेतले. मालक म्हणतो, बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे आणि चादर खराब झाली म्हणून डिपॉझिट कापलं. ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. पोलिसांनी ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवलं. पैसे मिळतील का? आणि पुढच्या वेळी स्वस्तातली जागा कशी बघावी?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला फोटो मी बराच वेळ पाहत होते. बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना, तिसऱ्या पायरीवर बसलेल्या तुमच्या सासूबाई, एका हाताने कठडा धरलेला. तुमच्या तक्रारीतला सगळ्यात बोलका कागद तोच आहे. जपून ठेवा.

‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाला तुम्ही घाबरला आहात, तसे बहुतेक लोक घाबरतात. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुमचा बेत बदलला, मुलाला ताप आला, तुम्ही गेलाच नाहीत, तर पैसे परत मागता येणार नाहीत. तुम्ही मात्र गेलात. कबूल केलेली जागा द्यायची जबाबदारी मालकाची होती आणि ती त्याने पाळली नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात. शिवाय सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर छापलेली ओळ कायद्यापेक्षा मोठी नसते.

इथे एक सावधगिरी. अशा वेळी ‘ही अटच अन्यायकारक आहे, करारच रद्द करा’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, ती थेट राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते. सोळा हजारांच्या भाड्यासाठी तिथवर कशाला जायचं? सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्यावरच तक्रार उभी करा. त्यासाठी सातारचा जिल्हा ग्राहक आयोग पुरेसा आहे. बंगला रायगडात असो की पुण्यात, अलिबागला किंवा पुण्याला खेपा घालायची गरज नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात ती सोय नव्हती. नव्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार देता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

आता तुमच्या बाजूची कच्ची जागा सांगते. केअरटेकरच्या यूपीआयवर गेलेले ११,००० रुपये ॲपच्या हिशेबात कुठेच नाहीत. ॲपवाले म्हणणार, हा व्यवहार आमचा नव्हे. त्या रकमेपुरतं त्यांचं म्हणणं टिकूही शकेल. मालकाला मात्र ही पळवाट नाही. बुकिंग झाल्यावर त्या केअरटेकरचा नंबर तुम्हाला ॲपनेच दिला आणि चावीही त्यानेच दिली. तो मालकाचा माणूस होता, त्यामुळे त्याने घेतलेले पैसे मालकाने घेतल्यासारखेच. बँकेच्या उताऱ्यात ती नोंद आहेच. ‘जीएसटी वाचेल’ हे त्याचं वाक्यही तक्रारीत जसंच्या तसं लिहा. लपवाल आणि समोरच्याने काढलं, तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता तुमच्याकडे नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. त्याची वाट ई-कॉमर्स नियम, २०२० मध्ये आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्काचा तपशील देणं ॲपला बंधनकारक आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा ॲपच्या त्या अधिकाऱ्याला ई-मेल करा, एकाच पत्रात मालकाचा पत्ता आणि पैसे दोन्ही मागा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लहान रकमांचे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात. नाहीच मिटला, तर मालक आणि ॲप दोघांनाही १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि मग दोघांनाही सामनेवाले करून तक्रार दाखल करा.

मागायचं किती, इथे बरेच जण घोळ घालतात. दुसऱ्या रात्रीचे ८,०००, डिपॉझिटचे ३,००० आणि गाडीचे १,८००, असे १२,८०० रुपये तुमचे सरळ आहेत. लॉजचे ३,६०० वेगळे मागू नका. न राहिलेल्या रात्रीचं भाडं परत मिळालं की लॉजचा खर्च त्यातच भागतो, तीच रात्र दोनदा मोजता येणार नाही. पहिल्या रात्री तुम्ही तिथे राहिलात, म्हणून ते भाडं पूर्ण मिळणार नाही, काही भाग मागता येईल. डिपॉझिटबद्दल मात्र ठाम राहा. चादर खराब झाली हे दाखवायची जबाबदारी मालकाची, आणि तुम्ही निघताना त्याने एक अक्षरही काढलं नव्हतं. मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे पैसे जरूर मागा, पण पाच लाख लिहू नका. रास्त आकडा लिहिणाऱ्याकडे आयोग वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

पोलिसांचं फारसं चुकलं नाही. बंगलाच अस्तित्वात नसता, पैसे घेऊन फोन बंद झाला असता, तर ती सरळ फसवणूक होती आणि मी तुम्हाला त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगितलं असतं. तुमचा मामला तसा नाही.

पुढच्या वेळेचं विचारलंत. स्वस्त जागा घेण्यात काहीच गैर नाही. सात माणसांची तिकिटं काढायची आणि वर महागडं हॉटेलही घ्यायचं, हे आपल्यापैकी कितीजणांना जमतं? फक्त इमॅजिका घाटाखाली आहे, एवढं पक्कं धरा. लोणावळा-खंडाळ्यातला बंगला किंवा कार्ल्याचं एमटीडीसीचं निवास कितीही चांगलं असलं, तरी ते घाटावर. सुट्टीच्या दिवशी घाट तुंबला की लहान मुलं गाडीतच पेंगतात. खोपोली गावातलं साधं लॉज, दिसायला बेताचं असलं तरी, अशा सहलीला जास्त सोयीचं पडतं. ‘१० मिनिटं’ या शब्दांवर जाऊ नका. पैसे भरण्याआधी जागेचं नेमकं लोकेशन मागवा आणि नकाशावर स्वतः अंतर बघा.

भाड्याचा आकडा पाहण्याआधी माणशी हिशेब मांडा. जादा गादी, मुलांचे वेगळे पैसे, नाश्ता, डिपॉझिट, सगळं धरून एकच रक्कम मेसेजवर लिहून घ्या. डिपॉझिट कधी आणि कशावरून कापणार, तेही. पोचल्या पोचल्या खोल्यांचा आणि चादरींचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, निघताना पुन्हा एक. ‘शेवटचीच रूम उरली’ असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं हे डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, यांविषयीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि कुणी ‘जीएसटी वाचेल, थेट द्या’ म्हणालं, तर त्याचा जीएसटी क्रमांक विचारा. नोंदणी नसलेल्याला स्वतः तो कर आकारताच येत नाही. नोंदणी असेल तर पक्कं बिल मागा. पाचशे-हजार वाचतात म्हणून ॲपबाहेर पैसे दिले की मागचा आधार सुटतो. तुमच्या बाबतीत तेच झालं.

शेवटी पुराव्याचं. ॲपवरची जाहिरात आता बदलली आहे, ‘तळमजला’ हा शब्द गायब आहे, असं तुम्ही लिहिलंत. पण बुकिंगआधी तिचा स्क्रीनशॉट तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली नणंदेने ‘आईंना बरं पडेल’ असं लिहिलं होतं. तो मेसेज, तारीख-वेळ दिसेल असा, आजच छापून घ्या. केअरटेकरचे मेसेजही घ्या. तक्रार निकाली निघेपर्यंत तो फोन विकू किंवा रिसेट करू नका, मूळ मेसेज त्यातच आहे.

सासूबाईंना आयोगात यावं लागेल का, ही काळजी तुम्हाला असेल. आयोगात पुरावा मुख्यतः प्रतिज्ञापत्रावर चालतो. त्या रात्री त्या किती वेळा त्या जिन्यावरून उतरल्या, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, कराडात किंवा साताऱ्यात नोटरीपुढे सही करून जोडा. तुमची सुनावणीही अर्ज करून व्हिडिओ कॉन्फरन्सवर मागता येते, शाळेची रजा वाया जाणार नाही. नोटिशीचा मसुदा तयार झाला की पाठवा, मी नजर टाकीन.