पाच मिनिटांत डॉक्टरांना काय सांगावं?

प्रश्न : आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनी विचारलं की ती "बरं आहे" म्हणते. दर वेळी गोळ्या बदलतात, साखर वर-खालीच. काय करावं?

उत्तर : "बरं आहे" यावरून डोस ठरत नाही. भेटीआधी तीन दिवस सकाळी अनशापोटी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा. आकड्यापुढे वेळ, खाणं आणि गोळी लिहा. उपासाचा दिवस गाळू नका. साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते, तर ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर घसरते. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी. ती चांगली दिसली तरी तिच्यात ६० आणि ३०० दोन्ही लपलेले असू शकतात. घाम, थरथर ही साखर घसरल्याची लक्षणं कधी दिसली तेही सांगा.

चुकलेल्या गोळ्या लपवणं सगळ्यात घातक. डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय, ते वाढवतात. मग घरचे नेमाने देऊ लागले की साखर एकदम खाली येते. ओरडा बसेल, बसू दे.

"ती छोटी पांढरी गोळी" सांगून भागत नाही. सगळी पाकिटं पिशवीत न्या, काढे आणि गुडघ्याची वेदनाशामक गोळीसुद्धा, कारण तिचा मूत्रपिंडावर ताण येतो. कापून दिलेल्या पट्टीवर बऱ्याचदा नावच उरत नाही. दुकानदाराकडून लिहून घ्या.

डॉक्टरांसमोरून उठण्याआधी आईलाच बोलू द्या : "म्हणजे ही जेवणाआधी, ती जुनी बंद, बरोबर?" बंद केलेल्या गोळीच्या पाकिटावर तिथेच पेनाने काट मारा.