मोबाइल एजंटचा, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फिरत काम करणाऱ्या प्रोग्रामचा, कोड डिजिटल सहीचा असेल, तर एजंट आणि तो ज्यावर चालतो तो होस्ट सर्व्हर यांच्यात विश्वासाचा प्रश्न उरतो का?

उरतो, आणि त्यातला मोठा भाग सहीच्या आवाक्यातच नाही. सहीवरून एवढंच कळतं की कोड कोणाचा आहे आणि तो वाटेत बदललेला नाही. पण मोबाइल एजंट म्हणजे नुसता कोड नव्हे. तो एका सर्व्हरवर थोडं काम करतो, जमवलेली माहिती घेऊन पुढच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे काम पुढे चालू ठेवतो. ही माहिती, म्हणजे त्याची स्टेट, प्रत्येक मुक्कामी बदलणारच. तिच्यावर मालक आधीच सही करून ठेवू शकत नाही. त्यामुळे सही खरी, कोडही तोच, पण स्टेटमध्ये ढवळाढवळ करून एजंटला भलत्याच कामाला जुंपलंय, असं सहज होऊ शकतं.

एजंटपासून सर्व्हरला वाचवणं त्यामानाने सोपं आहे. सँडबॉक्स (प्रोग्रामला बाकी यंत्रणेपासून वेगळं कोंडून चालवणं), मोजक्या परवानग्या, मेमरी आणि प्रोसेसरच्या वेळेवर मर्यादा, हे सगळं १९९० च्या दशकापासून रुळलंय. १९९६ मध्ये जॉर्ज नेक्युला आणि पीटर ली यांनी तर कोडनेच आपल्या सुरक्षिततेचा गणिती पुरावा सोबत आणावा आणि होस्टने तो फक्त तपासावा, अशी कल्पना मांडली. मला ती आजही फार आवडते.

खरी पंचाईत एजंटची. तो ज्या मशीनवर चालतो त्या मशीनचा मालक त्याची मेमरी वाचू शकतो, त्याची प्रत काढू शकतो, त्याला मध्येच थांबवू शकतो. समजा, एजंट विमानाच्या तिकिटाचे दर गोळा करत फिरतोय. तिसऱ्या सर्व्हरला आधीच्या दोघांचे दर दिसले, तर तो ते वाढवून लिहील आणि स्वतःचा दर स्वस्त ठरवून घेईल.

यावर संशोधक बेनेट यी यांनी सुचवलेला उपाय असा: एजंट निघताना एक गुप्त की घेऊन निघतो. पहिला दर मिळाला की त्या कीने त्याचा पडताळणी कोड (दर बदलला तर जुळणार नाही अशी खूण) काढतो, मग त्याच कीवर एकेरी फंक्शन चालवून नवी की बनवतो आणि जुनी पुसून टाकतो. तिसऱ्या सर्व्हरच्या हाती फक्त तिसरी की लागते. फंक्शन उलटं फिरवता येत नसल्याने आधीच्या नोंदी तो गुपचूप बदलू शकत नाही. मालकाकडे मूळ की असते, त्यामुळे परत आल्यावर फेरफार उघडा पडतो. मात्र पहिल्या आणि चौथ्या सर्व्हरने संगनमत केलं, तर पहिल्याने जपून ठेवलेल्या कीवरून मधल्या सगळ्या नोंदी नव्याने बनवता येतात. शिवाय यात फसवणूक कळते, थांबत नाही.

मग एजंट एन्क्रिप्टेड, म्हणजे होस्टला वाचता न येणाऱ्या स्वरूपातच का चालवू नये? टोमास सँडर आणि क्रिस्टियन चुडिन यांनी १९९८ मध्ये हाच विचार मांडला. २००९ मध्ये क्रेग जेन्ट्री यांनी एन्क्रिप्टेड माहितीवर हवं ते गणित करता येतं हे दाखवलं. पण ते अजूनही साध्या गणनेपेक्षा फारच संथ चालतं. आणि उत्तरही एन्क्रिप्टेडच येतं, ते मालकच उघडू शकतो. म्हणजे 'हा दर स्वस्त आहे, लगेच बुक कर' हा निर्णय एजंटला तिथल्या तिथे घेता येत नाही, आणि बऱ्याचदा एजंट पाठवण्यामागचा हेतूच तो असतो.

इंटेल एसजीएक्ससारखे हार्डवेअर एन्क्लेव्ह, म्हणजे मशीनच्या मालकालाही आत डोकावता येऊ नये असा चिपमधला बंदिस्त कप्पा, हा सध्याचा व्यवहार्य मार्ग. त्यात भरवसा सर्व्हरच्या मालकाऐवजी चिप बनवणाऱ्यावर ठेवावा लागतो, आणि २०१८ मध्ये फोरशॅडो या हल्ल्याने तिथूनही गुपितं बाहेर काढता येतात हे दिसलं.

म्हणून तुम्ही असं काही बांधत असाल, तर माझं आग्रहाचं सांगणं: मालकाची सहीची की किंवा कार्डचा तपशील एजंटसोबत कधीही पाठवू नका. एजंटने दर, होस्टच्या सहीसकट, घेऊन परत यावं. खरेदीवर सही तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर व्हावी. जागेवरच व्यवहार करणं अगदी अटळ असेल, तर एजंटला परवानगीचं टोकन एकाच कामापुरतं, ठरावीक रकमेपर्यंतचं आणि काही मिनिटांत बाद होणारं द्या. आणि ते एकदाच वापरलं गेलंय ना, हे टोकन देणाऱ्या सर्व्हरने तपासावं. एजंटवर ते सोपवू नका, कारण होस्टने एजंटच्या दोन प्रती चालवल्या तर त्यातल्या एकीलाही दुसरीचा पत्ता लागत नाही.