सातवीतच लावायची फाईल

ताई, पोरगी सातवीत आहे तर ट्यूशनचं नाव आत्ता काढू नका. आधी पहिलीपासूनचे शिकल्याचे दाखले गोळा करा. सीईटीतून, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या कोर्ससाठी होणाऱ्या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, कर्नाटकातली सरकारी कोट्यातली सीट हवी, तर साधारणपणे इथं ७ वर्षं शिकल्याचा पुरावा मागतात, त्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही-शिक्का. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तिथली गर्दी बघवत नाही! पुढंमागं कोल्हापूरला शिकायला धाडायचं मनात असेल, तर ही ७ वर्षं आधी मोजा.

शाळा सरकारी किंवा अनुदानित आहे ना? मग आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि पोरगी निवडली गेली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

मराठी माध्यमाची हुशार पोरंही पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला इंग्रजीपायी गडबडतात. इंग्रजी माध्यमाचं विज्ञानाचं जुनं पुस्तक आणा, रोज एक पान वाचून घ्या. कन्नड तिला गल्लीत खेळताना येईलच.