वाचकांचे प्रश्न : केवळ स्त्रियांसाठी कार्यक्रम ठेवावा का?

प्रश्न : लातूरमध्ये आमचे कापडाचे दुकान आहे. संक्रांतीनिमित्त केवळ स्त्रियांसाठी खेळ-गाण्यांचा कार्यक्रम ठेवून विजेतीला पैठणी देण्याचा विचार आहे. परंतु एका जुन्या ग्राहकाने हा पुरुषांवर अन्याय असल्याचे सांगितले. आम्ही काय करावे?

उत्तर : कार्यक्रम अवश्य ठेवावा. मात्र त्या ग्राहकाचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ नुसार दुकाने, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांतील प्रवेशावर केवळ लिंगाच्या कारणावरून निर्बंध घालता येत नाही, आणि स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची तेथील मुभा राज्यसंस्थेला आहे, दुकानदाराला नव्हे. म्हणून त्या दिवशीही दुकान सर्वांसाठी खुले ठेवून कार्यक्रम वेगळ्या सभागृहात, निमंत्रणाने करावा, असे मला वाटते.

आपल्याकडे पुरुषांना चावडीपासून पानटपरीपर्यंत बसायला जागा आहे. घरच्या मंडळींसमोर मोकळेपणी नाचू-गाऊ न शकणाऱ्या बाईला अशी एक संध्याकाळही मोलाची असते. पुरुषांपुरत्याच व्यापारी मेजवानीला मी हाच न्याय लावणार नाही, कारण तिथे ओळखी आणि व्यवहार जुळतात आणि व्यवसाय करणारी स्त्री त्यांना मुकते.

मला खरी चिंता वेगळीच आहे. हळदीकुंकवात विधवांना वगळण्याची रूढी अजून सुटलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला होता. तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘सुवासिनी’ऐवजी ‘सर्व स्त्रिया’ असे स्पष्ट छापा आणि पहिले वाण एखाद्या विधवा भगिनीच्या हाती द्या.