‘चार दिवस मोबाईल दिला नाही, तर हट्ट उलट वाढला’

“मुलगा साडेचार वर्षांचा आहे. जेवताना मोबाईल लागतोच. बंद करायचं ठरवून चार दिवस दिला नाही, तर आधी नुसता रडणारा मुलगा ताट फेकायला लागला, जमिनीवर डोकं आपटायला लागला. शेवटी घाबरून मीच दिला. आमचं काही चुकलं, की त्याच्यातच काही दोष आहे?”

लहान मुलांचे पालक हा प्रश्न फार वेळा विचारतात. या घरात आई बँकेत, वडील कारखान्यात पाळीवर आणि दिवसभर मुलाजवळ आजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दोषाची शंका आधी फेडायला हवी. मुलाचं बोलणं वयाप्रमाणे होतं, हाक मारली की वळून बघायचा, इतर मुलांत रमायचा. बालरोगतज्ज्ञांनी तपासलेलं होतं. सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे शाळेत तो डबा मुकाट्याने खायचा. तिथे ना मोबाईल, ना आकांत. तोच मुलगा, तीच भूक, पण घरी रडल्यावर काहीतरी मिळतं आणि शाळेत मिळत नाही. मग ‘हा असा का आहे?’ यापेक्षा ‘रडल्यावर पुढे काय होतं?’ हे विचारणं जास्त उपयोगाचं ठरतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त वही ठेवायची. किती वाजता, आधी काय झालं, किती मिनिटं चाललं, कशाने थांबलं, एवढे चारच रकाने. सात दिवसांत ३१ वेळा आकांत झाला. १९ वेळा तीन मिनिटांच्या आत मोबाईल हातात पडला, ८ वेळा दहा मिनिटं ताणून धरल्यावर पडला आणि ४ वेळा मिळालाच नाही.

आईला त्या १९ नोंदींची लाज वाटत होती. खरं नुकसान मधल्या आठांनी केलं होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत उंदीर कळ दाबायचा आणि खाण्याची गोळी मिळायची. १९३० च्या दशकात एकदा गोळ्या टाकणारं यंत्रच अडकलं. उंदीर कळ दाबतोय, गोळी येत नाही आणि दाबण्याचा वेग हळूहळू ओसरतोय, असा आलेख आपोआप उमटला. वागणुकीमागचं फळ बंद झालं की वागणूक विझते, यालाच विलोपन म्हणतात. पण विझायच्या आधी ती बऱ्याचदा भडकते. रोज लागणारा दिवा एक दिवस लागला नाही, तर आपणही बटण चार वेळा खटखट करतोच की. डोकं आपटणं आणि ताट फेकणं हा तोच भडका होता. म्हणजे चार दिवसांचा कडकपणा चुकीचा नव्हता, तो काम करू लागला होता. नेमक्या त्या टोकाला मोबाईल दिला गेला आणि मुलगा शिकला की नुसतं रडून भागत नाही, डोकं आपटावं लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून चिवट. फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळत असेल, तर ती सवय मोडायला कितीतरी जास्त वेळ लागतो. कधी दोन मिनिटांत, कधी बारा मिनिटांनी, कधी नाहीच, अशा घरात मुलाने चिकाटी धरणं स्वाभाविक आहे. अर्धवट कडकपणा हा ढिलेपणापेक्षा महाग पडतो, तो यामुळेच.

आणि शिकत फक्त मूल नसतं. मोबाईल दिला की घर क्षणात शांत होतं. ती शांतता आईचं बक्षीस. नको असलेली गोष्ट थांबल्याने आपलं वागणं पक्कं होतं, त्याला ऋण प्रबलन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरांमध्ये प्रत्यक्ष निरीक्षणं करून दाखवलं की मूल आणि पालक असे एकमेकांना घडवत जातात. आई कमकुवत मनाची होती म्हणून तिने मोबाईल दिला, असं अजिबात नाही. दहा तासांच्या दिवसानंतर शांततेची किंमत फार मोठी असते.

योजना अशी ठरली. मोबाईल पूर्ण बंद नाही. संध्याकाळी सहा ते साडेसहा, जेवणापासून दूर. (भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ ची मर्यादा दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे.) आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद केली आणि आधी उतरवून ठेवलेले दोनच भाग दाखवायचे ठरले. संपलेली गोष्ट सोडणं सोपं, मधेच तोडलेली अवघड. दुसरा भाग लागला की “हा झाला की फोन कपाटात, तूच ठेवायचा.” ठेवला की त्या क्षणी जवळ घेऊन सांगायचं, “सांगितल्याबरोबर ठेवलास!” नुसतं ‘शहाणा माझा’ म्हणून त्याला काय केलं ते कळत नाही.

साडेसहाला मिळणारा चिवडा आणि बिस्किटं बंद झाली, कारण आठ वाजता भूकच नसायची. ताटात अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, थोडा वरणभात. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, न रागावता. किती खायचं ते त्याने ठरवायचं.

आकांत सुरू झाला की एकच वाक्य, एकदाच: “फोन उद्या सहा वाजता.” नंतर समजावणं नाही, ओरडणं नाही, कारण ओरडणं हेही लक्ष देणंच असतं. खोली सोडून जायचं नाही. डोकं आपटू लागला तर न बोलता खाली उशी सरकवायची, काचेची भांडी आधीच उचललेली असावीत. दुर्लक्ष मागणीकडे करायचं आहे, मुलाकडे नाही. श्वास सावरला की लगेच पाणी, मांडीवर जागा, आणि झाल्या प्रकारावर चर्चा नाही.

तारीखही विचार करून निवडली. ताप, पाहुणे, प्रवास यांच्या तोंडावर हे सुरू करू नये, कारण मधे सोडायचं असेल तर न केलेलं बरं. वडिलांची सकाळपाळी असलेला आठवडा घेतला, म्हणजे रात्री दोघेही घरी.

खरी अडचण आजींची होती. “अहो, लेकराला एवढं रडवतात का? पोटात अन्न तरी जायला हवं.” त्यांच्या बोलण्यातली माया खरी होती, ती खोडून काढून काही साधत नाही. त्यांना सी. डी. विल्यम्स या संशोधकांनी १९५९ मध्ये नोंदवलेलं उदाहरण सांगितलं. २१ महिन्यांचं मूल झोपवताना आकांत करायचं. पहिल्या रात्री खोलीत कोणी परत गेलं नाही, ते ४५ मिनिटं रडलं. दहाव्या वेळेपर्यंत रडणं संपलं. आठवडाभराने मावशी-आत्याच्या नात्यातली बाई झोपवायला आली, ते रडलं आणि तिने मायेने जवळ बसून झोपवलं. झालं, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा शांत झालं ते मात्र कायमचं, पुढच्या दोन वर्षांत तसा आकांत झाला नाही. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे एकाने दिलं तरी सगळ्यांचं रडवणं फुकट.” त्या दिवसापासून वही त्यांच्याकडे गेली आणि जेवताना गोष्ट सांगायचं कामही.

पहिली रात्र २२ मिनिटं. दुसरी १७. तिसरी ३४, आईचा मला फोन आला तो याच रात्री. हा टप्पा आधीच सांगून ठेवला होता म्हणून घर टिकलं. सहाव्या रात्री ९, दहाव्या रात्री ३ मिनिटं.

आकांत नेहमीच पंचवीस मिनिटांच्या पुढे जात असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, रडताना श्वास कोंडून निळं पडत असेल, किंवा येत असलेले शब्द हरवत असतील, तर हे घरी करत बसू नये. आधी बालरोगतज्ज्ञ. श्वास कोंडण्यामागे कधीकधी लोहाची कमतरता असते आणि ती औषधाने भरून निघते.

तिसऱ्या आठवड्यात नात्यातलं लग्न आलं. पंगतीत तो रडला आणि कुणीतरी प्रेमाने फोन हातात दिला. घरी आल्यावर १९ मिनिटं, दुसऱ्या रात्री ११. विझलेली सवय अशी मधेच डोकं वर काढते, पण दुसऱ्यांदा लवकर खाली बसते. चौथ्या रात्रीची नोंद आजींच्या अक्षरात आहे: “२ मिनिटे. वरणभात खाल्ला, पोळी उरली. कावळ्याची गोष्ट दोनदा.”