जीव लावला तर पोरं बाहेर कशी पडणार?

अनाथाश्रमात काम करणारे लोक माझ्याकडे आले की हा प्रश्न हमखास येतोच. मुलांना फार लळा लावला तर 18 व्या वर्षी जाताना त्यांना जड जाईल, मग आधीपासूनच जरा अंतर ठेवलेलं बरं नाही का? विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणून एका मुलाबद्दल सांगते, नाव आणि तपशील बदललेत.

सागर म्हणू त्याला. सतरा संपत आलेलं, पोरगा हुशार, कॉम्प्युटरचा कोर्स मस्त चाललेला आणि हा फायनल परीक्षेला बसलाच नाही. अधीक्षक म्हणाले आळशी झालाय, आयतं मिळायची सवय लागलीय. माझ्याशीही "हो ताई, देतो परीक्षा" याच्यापुढे गाडी जाईना, शेवटी मी परीक्षेचा विषयच सोडला आणि एकदा विचारलं, बाहेर खोली घेतलीस तर पहिला दिवस कसा जाईल ते सांग बघू.

"सकाळी बेल झाली की..." म्हणाला आणि थांबला.

मग हळूहळू एकेक निघायला लागलं. एक साबण किती दिवस पुरतो माहीत नाही कारण तो स्टोअरमधून मिळतो, डॉक्टरकडे एकटा कधी गेला नाही, कुलपाची किल्ली कधी स्वतःच्या खिशात ठेवली नाही. आणि शेवटी मान खाली घालून, "ताई, रात्री ताप आला तर सांगायचं कुणाला?"

खरी गोष्ट ही होती. परीक्षा पास म्हणजे इथून जाणं, नापास म्हणजे अजून थोडे दिवस इथेच. तो आळस नव्हताच, हिशोब होता, आणि त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर हिशोब बरोबरच होता.

पुढच्या वेळी लहानपणापासून त्याला सांभाळणाऱ्या मावशींना आणि अधीक्षकांनाही बसवलं आणि त्याला तोच प्रश्न परत विचारायला लावला. मावशी म्हणाल्या, "अरे मला फोन कर की!"

"गेल्यावर चालतं?"

मावशींनी अधीक्षकांकडे बघितलं. चालत नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांनी तसंच धरलेलं होतं. अधीक्षक म्हणाले, "चालतं रे, का नाही चालणार." पुढच्या खेपेला सागरने परीक्षा दिली, मला याचा फार आनंद आहे.

मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या नात्यावर काम केलेले ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी, त्यांच्या विचारांना मी मानणारी. मागे कुणीतरी आहे ही खात्री असली की मूल लांब जायचं धाडस करतं, हे त्यांचं म्हणणं मला रोज खरं ठरताना दिसतं. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात 136 मुलं होती, त्यात जी दोन वर्षांची व्हायच्या आत संस्थेतून, मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात गेली ती माणसांशी जास्त चांगली जोडली गेली. म्हणून लळा कमी करू नका, उलट प्रत्येक मुलाचं हक्काचं एक माणूस ठरवा आणि ते सारखं बदलू नका.

बाहेर पडायच्या तयारीला मात्र सतरावं वर्ष फार उशिराचं. आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या संगोपनाबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ती शक्य तितक्या लवकर सुरू करा असंच म्हटलंय. मी तर म्हणते 14 पासून किल्ली द्या, महिन्याचे थोडे पैसे हातात द्या, ते चार दिवसांत उडाले तर उडू देत, रागवू नका, कारण पुढचे दिवस कसे काढायचे हे तुमच्या छपराखाली शिकलेलं परवडतं. आजारी पडला तर डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही नुसते शेजारी बसा. आणि जन्माचा दाखला, शाळेचे कागद, लहानपणीचे फोटो, सगळं एका फाईलमध्ये त्याच्या नावाने आत्तापासून ठेवा, जायच्या आठवड्यात शोधाशोध नको.